चतुर्थीचं गवत, दिवाळीचं करड: गोव्यातल्या चाऱ्याचा दर्जा नेमका कुठे बिघडतो?

गोव्यात दुधाचा विषय निघाला की चर्चा तीन गोष्टींभोवती फिरते. गाय कुठली घ्यायची, सरकार अनुदान किती देणार आणि लिटरमागे दर किती मिळणार. राज्याला लागणाऱ्या दुधातलं बरंचसं आजही महाराष्ट्र आणि कर्नाटकातून येतं, म्हणून हा विषय विधानसभेतही निघतो आणि टपरीवरही. ती गाय रोज खाते काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

बाहेरच्या माणसाला तर हा प्रश्नच पडत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जिथे साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जिथे सड्यापासून, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारापासून, बांधापर्यंत डोळे निवतील इतकं हिरवं असतं, तिथे चाऱ्याची टंचाई कसली? तरीही घाटावरून कडबा आणि मक्याचा चारा भरलेले ट्रक गोव्यात उतरतात. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे इथले दूध उत्पादक मार्च उजाडला की पेंढ्याच्या रचलेल्या ढिगाकडे, म्हणजे उडवीकडे, बघून दिवस मोजू लागतात. आणि ज्यांच्याकडे उडवी भरलेली आहे, त्यांची गायही उन्हाळ्यात आटते.

याचं कारण गवताच्या वजनात शोधून सापडत नाही. ते गवत कधी कापलं, त्या दिवसात आहे.

हिरवं दिसतं म्हणून सकस नसतं

पहिल्या पावसानंतर उगवणारा तायखिळा आपण आवडीने खातो. जूनअखेर, जुलैत त्याची कोवळी पानं खुडून खोबरं आणि फणसाच्या आठळ्या घालून भाजी होते. तोच तायखिळा सप्टेंबरात कमरेएवढा वाढलेला असतो, हिरवाही असतो, पण त्याला कुणी हात लावत नाही. जून झाला म्हणतो आपण. गवताचं अगदी हेच होतं, फक्त गाय बोलून दाखवत नाही आणि तिच्यापुढे दुसरं पानही नसतं.

जून होणं म्हणजे काय? रोप वाढतं तसं त्याला उभं राहायला बळकट देठ लागतो. त्यासाठी ते पेशींच्या भिंतींमध्ये लिग्निन नावाचा पदार्थ भरतं. लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ तो हाच. लिग्निन पचवणं गायीला जमत नाही, आणि त्याच्या जाळीत अडकलेला पचण्यासारखा तंतूही तसाच शेणावाटे निघून जातो. दुसरीकडे फुलोरा आला की रोप आपलं सत्त्व पानांतून काढून बियांकडे पाठवतं. बी गळून पडलं की मागे उरते ती काडी.

हा फरक आकड्यात मोजता येतो. प्रयोगशाळेत चाऱ्यातला नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. येणाऱ्या आकड्याला ‘कच्ची प्रथिने’ म्हणतात. यातला ‘कच्ची’ हा शब्द ढोबळ मोजमाप या अर्थाचा आहे, शिजण्याशी त्याचा संबंध नाही. कोवळ्या गवताच्या कोरड्या वजनात कच्ची प्रथिने आठ ते बारा टक्के असू शकतात. बी गळलेल्या, वाळून पिवळ्या पडलेल्या सड्यावरच्या गवतात ती तीन ते पाच टक्क्यांवर येतात. भाताचा पेंढा तर साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपासच असतो. तुलनेसाठी, फुलोऱ्यावर कापलेल्या चवळीच्या चाऱ्यात ती सोळा टक्के किंवा त्याहून अधिक असतात.

सात टक्क्यांची वेस

गाय-म्हशीच्या पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. गवत तिथे पडतं, पण ते पचवतात गायीच्या पोटात राहणारे अब्जावधी सूक्ष्मजीव. गाय त्यांना जागा, ऊब आणि ओलावा देते. ते तंतू फोडून तिला ऊर्जा देतात आणि पुढे सरकून स्वतःच तिचं प्रथिन होतात.

या सूक्ष्मजीवांना वाढायला नत्र लागतो. खाण्यात कच्ची प्रथिने साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली की त्यांची संख्या घटते, तंतू फुटणं मंदावतं आणि गवत कोठीपोटात नुसतं पडून राहतं. पोट भरलेलं, म्हणून गाय आणखी खात नाही. उपाशी गाय निदान हंबरते तरी. ही भरल्या पोटी उपाशी असलेली गाय शांतपणे रवंथ करत बसते, आणि मालकाला वाटतं हिचं छान चाललंय. एप्रिल-मेमध्ये फासळ्या दिसू लागतात तेव्हा दोष उन्हाला दिला जातो. उन्हाचाही वाटा असतो, पण सुरुवात ऑक्टोबरातच झालेली असते.

“आमची गावठी गुरं पिढ्यान्‌पिढ्या हेच खात आली, त्यांना काय झालं?” हा आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. गोव्याची पांढरी, बुटकी गावठी गाय, जिची ‘श्वेत कपिला’ या नावाने २०२० मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली, ती कमी चाऱ्यावर आणि दमट हवेत तग धरते. पण तिचं दूधही दिवसाला दोन-तीन लिटर. ती अंगाने लहान, गरज कमी, आणि दिवसभर मोकळी फिरून झुडपांचा पाला, बांधावरचं कोवळं असं निवडून खाते. दहा-बारा लिटरची संकरित गाय गोठ्यात बांधून तिला तोच पेंढा घातला तर हिशेब जुळत नाही. सात टक्क्यांची वेस दोघींना सारखीच; एक स्वतःच्या पायांनी ती ओलांडते, दुसरी दाव्याला असते.

गवत आणि ऊन यांची गाठ पडत नाही

कोरड्या मुलखात गवत योग्य वेळी कापून वाळवणं सोपं. आपल्याकडे गवत सर्वांत सकस असतं श्रावण-भाद्रपदात, आणि तेव्हा चार दिवस सलग ऊन मिळणं हे नशीब. पाऊस ऑक्टोबरात मागे सरतो, तोवर सड्यावरचं गवत फुलून जातं. त्यातच कापणी-मळणीचा हंगाम, हाताला माणूस नाही. मग गवताकडे वळायला दिवाळी उजाडते. चतुर्थीला जे गवत मऊ होतं त्याचं दिवाळीपर्यंत राठ, वाळकं करड झालेलं असतं. कुसळीचं गवत असेल तर आणखी वाईट: तिची भाल्यासारखी टोकदार बियाणी गुरांच्या हिरड्यांत आणि कातडीत घुसतात.

गंमत अशी की दिवाळीपूर्वी या करडाला गिऱ्हाईक मिळतं ते जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या पोटात भरण्यासाठी. माझं प्रामाणिक मत, त्या गवताचा तोच योग्य उपयोग आहे.

भाताच्या पेंढ्याची गोष्ट आणखी वेगळी. हाताने कापून झोडलेल्या भाताचा पेंढा पेंढ्या बांधून उडवीत नीट रचला जाई. आता कापणी यंत्राने होते. यंत्र दाणे घेतं आणि पेंढा चिरडून शेतभर पसरवतं. ऑक्टोबरातल्या एखाद्या परतीच्या सरीत तो भिजतो, काळा पडतो. मजुरीचं गणित पाहता यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही; पण यंत्राच्या मागोमाग पेंढा गोळा करून गठ्ठे बांधण्याची सोय गावात असायला हवी, आणि ती कापणी ठरवतानाच ठरवायला हवी.

मग विळा कधी लावायचा?

नियम एकच लक्षात ठेवायचा: गवताला फुलोरा यायला लागला, साधारण दहापैकी एखाद-दुसऱ्या काडीवर तुरा दिसू लागला, की कापायला घ्यायचं. सगळं रान तुऱ्यांनी डोलू लागलं म्हणजे उशीर झाला. आपल्या बहुतेक सड्यांवर ही वेळ सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा अशी येते. जागेप्रमाणे आणि गवताच्या जातीप्रमाणे मागे-पुढे.

तेव्हा ऊन तुकड्या-तुकड्यांनी मिळतं, म्हणून एकदम सगळं रान कापायचं नाही. हवामान खात्याचा अंदाज बघून दोन-तीन दिवसांत वाळेल एवढंच कापायचं. सकाळी दव उडाल्यावर कापा. जमिनीपासून चार बोटं वर कापा, म्हणजे मातीही येत नाही आणि ओल असेल तर खोडव्यातून पुन्हा फूट येते. कापलेलं पातळ पसरा आणि दिवसातून दोन-तीनदा परता. दुपारी ढग जमू लागले तर गोळा करून ढीग झाका. ताज्या गवतात पाऊणहून जास्त पाणी असतं. ते पंधरा टक्क्यांपर्यंत उतरवायचं आहे. ओल्या जमिनीवर ते खालून पुन्हा भिजतं, म्हणून बांबूच्या तिकाटण्यावर, कुंपणावर किंवा दगडी गडग्यावर टाकलेलं गवत लवकर वाळतं. वारा खालूनही लागतो.

वाळलं की नाही हे हाताला कळतंच असं नाही. एक साधी चाचणी आहे. झाकणाच्या कोरड्या बरणीत गवताचे बारीक तुकडे आणि चमचाभर मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ मोकळं राहिलं तर गवत साठवण्याजोगं. गोळा झालं किंवा काचेला चिकटलं तर अजून ऊन द्या. आपल्याकडे मिठालाच पाणी सुटतं, तेव्हा ते आधी तव्यावर भाजून घ्यायचं, नाहीतर दोष बिचाऱ्या गवताला लागेल.

गवत रचायची घाई करू नका असं सांगण्याचं कारण आहे. ओलसर गवत रचलं तर आत बुरशी धरते, उडवी गरम होते, आणि क्वचित आतूनच पेट घेते. बुरशीपैकी काही अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. त्याचा अंश दुधात उतरतो, म्हणून आपल्या अन्नसुरक्षा नियमांत दुधासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. बुरशी लागलेला भाताचा पेंढा सतत खाऊन म्हशींची शेपटी आणि खूर झडण्याचा डेगनाला नावाचा आजारही होतो. काळा पडलेला पेंढा “झटकून घालू” हा काटकसरीचा मार्ग नव्हे. तो खतात जाऊ द्या.

“लवकर कापलं तर भारे कमी भरतील, त्याचं काय?”

भरतील कमी. हे लपवण्यात अर्थ नाही. पण हिशेब करून बघू.

समजा गाय दिवसाला सहा किलो वाळलेलं गवत खाते. दिवाळीनंतरच्या करडात कच्ची प्रथिने चार टक्के धरली तर तिला त्यातून २४० ग्रॅम मिळतात. वेळेवर कापलेल्या गवतात आठ टक्के असतील तर ४८० ग्रॅम. फरक २४० ग्रॅमचा. बाजारातल्या पशुखाद्यात वीस टक्के कच्ची प्रथिने धरली, तर हा फरक भरून काढायला रोज १.२ किलो जादा पशुखाद्य लागेल. एका गायीमागे, रोज. तुमच्या गोठ्यातल्या पोत्यावरची किंमत बघा, गायींच्या संख्येने गुणा आणि सहा महिन्यांचा आकडा काढा. त्याशिवाय कोवळं गवत जास्त पचतं, जास्त खाल्लं जातं, गव्हाणीत उष्टं कमी उरतं. ते या हिशेबात धरलेलंच नाही.

सगळं रान लवकर कापा असंही कुणी म्हणत नाही. दुभत्या आणि गाभण जनावरांना पुरेल एवढं वेळेवर कापून वेगळं रचा. भाकड आणि ओढकामाच्या जनावरांना उशिराचं चालेल. बहुतेक गोठ्यांत सगळा चारा एकाच उडवीत जातो आणि सगळ्यांना वरून काढून सारखाच पडतो. दोन उडव्या करायला पैसे लागत नाहीत.

ऊन नसेल तर वाळवू नका, मुरवा

जिथे ऊनच नाही तिथे वाळवण्याचा हट्ट कशाला? हिरवा चारा हवाबंद करून आंबवला तर तो महिनोन्‌महिने टिकतो. याला मुरघास म्हणतात. कोंडलेल्या चाऱ्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, आम्ल वाढलं की कुजवणारे जंतू मरतात, आणि चारा जसा होता तसा थांबतो.

त्याची अट एकच, हवा नको. चारा इंच-इंचाचे तुकडे करून, थरावर थर देत, पायांनी किंवा वजनाने इतका दाबायचा की आत पोकळी राहू नये, मग घट्ट झाकायचा. पाचशे किलोपासून टनभर चारा मावणाऱ्या जाड पिशव्या मिळतात. दोन-तीन गायीवाल्याला खड्डा खणण्यापेक्षा त्या सोयीच्या. साधारण ४५ दिवसांनी पिशवी उघडता येते. चांगल्या मुरघासाला आंबूस-गोडसर वास येतो, रंग पिवळसर हिरवा असतो. कुजका वास आणि चिकटपणा असेल तर जनावराला घालू नये.

आपल्या पावसात अडचण येते पाण्याची. मुरघासाला चाऱ्यात ६५ ते ७० टक्के ओलावा हवा. पावसात कापलेलं गवत ऐंशी टक्क्यांवर असतं. त्याचा रस गळतो आणि आंबण्याऐवजी तो सडतो. उपाय दोन. श्रावणातल्या उघडिपीत कापून अर्धा-एक दिवस पडवीखाली पातळ पसरून सुकवणं, किंवा कुट्टी करताना गेल्या वर्षीचा कोरडा पेंढा दहा-पंधरा टक्के मिसळणं. पेंढा जादा पाणी शोषतो आणि स्वतःही मऊ होतो. नेपियरसारख्या लागवडीच्या उंच चारागवतात साखर कमी असते, म्हणून शंभर किलोला किलो-दोन किलो गूळ किंवा मळी पाण्यात कालवून शिंपडतात. मक्याला त्याची गरज पडत नाही.

पेंढ्याला युरिया? ते विष नाही का?

या विषयावर सर्वांत जास्त भीती इथे आहे, आणि थोडी असायलाही हवी.

भाताच्या पेंढ्यात प्रथिनं कमी आणि सिलिका भरपूर. पण पावसाळी आणि पावसाळ्यानंतरचं वायंगण अशी भाताची दोन पिकं घेणाऱ्याकडे पेंढा मुबलक असतो, त्याला टाकून कसं चालेल? १०० किलो वाळल्या पेंढ्यासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा. प्लास्टिकवर पेंढ्याचा थर, त्यावर झारीने हे पाणी, पायांनी तुडवणं, पुन्हा थर. शेवटी सगळं हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचं. आत युरियाचा अमोनिया होतो. तो लिग्निनची जाळी सैल करतो आणि त्यातला काही नत्र पेंढ्यातच राहतो. कच्ची प्रथिने साडेतीन टक्क्यांवरून सात-आठवर जातात, म्हणजे वेशीच्या पलीकडे. ४५ किलोच्या पोत्याच्या सरकारी किमतीने हा युरिया पंचवीस रुपयांच्या आत पडतो.

विष कधी? विरघळलेला युरिया जनावर थेट प्यायलं, किंवा खडे चाटले, तर कोठीपोटात एकदम इतका अमोनिया सुटतो की तासाभरात जनावर दगावू शकतं. म्हणून बादली उघडी ठेवायची नाही, माप अंदाजाने घ्यायचं नाही, “जरा जास्त घातला तर जास्त फायदा” हा विचार मनातही आणायचा नाही. उघडल्यावर रोज लागेल तेवढा पेंढा काढून, नाकाला झोंबणारा वास उडून जाईपर्यंत पसरून ठेवायचा. सुरुवात थोड्याने करून आठवडाभरात वाढवायची. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो घालत नाहीत, कारण त्यांचं कोठीपोट तयार झालेलं नसतं. पहिल्यांदा करताना पशुवैद्यकाला समोर उभं करा. त्यात कमीपणा नाही.

दुधात युरिया उतरेल का? गायीच्या दुधात मुळातच थोडा युरिया असतो, तिने काहीही खाल्लं तरी. कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅम अशी आहे ती त्यामुळेच. मापात प्रक्रिया केलेल्या पेंढ्याने ती ओलांडली जात नाही. भेसळखोर दुधात वरून घालतात तो प्रकार निराळा.

नवा चारा लावायचा कुठे

लोकांना पहिलं नाव आठवतं ते संकरित नेपियरचं. कोइमतूरच्या सीओ-४, सीओ-५ किंवा राहुरीच्या फुले जयवंतच्या दोन डोळ्यांच्या कांड्या लावल्या की अडीच महिन्यांत पहिली कापणी, पुढे दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. पण त्याला उन्हाळ्यात पाणी लागतं आणि पाणी साचलेलं चालत नाही. कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून फार लवकर कापू नका आणि एकटं घालू नका. माडांच्या सावलीत गिनी गवत चांगलं येतं. जिथे पाणी साचतंच तिथे पॅरा गवत, मात्र ते ओहोळातून पसरत शेजाऱ्याच्या भाताच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, शिरतं, तेव्हा जागा बघून. कुळागरातला सुपारीच्या झावळीचा रुंद देठ न कुजता वाळलेला असेल तर बारीक करून पेंढ्याच्या जागी चालतो, सत्त्व पेंढ्याइतपतच.

सड्याच्या आणि मोरडीच्या, म्हणजे उंचावरच्या, जांभ्या जमिनीला मला जास्त आशा वाटते ती स्टायलोची. हे शेंगवर्गीय झुडूप हवेतला नत्र जमिनीत धरतं, आम्लधर्मी जमीन सोसतं आणि गवतासोबत चरलं जातं. बियांचं कवच टणक असतं. कडक गरम, पण उकळत नसलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून काढलं की उगवण सुधारते. पहिल्या पावसावर फेकायचं आणि त्या वर्षी तिथे गुरं सोडायची नाहीत. गडग्यावर गिरिपुष्प लावला तर उन्हाळ्यात पाला मिळतो. गुरं सुरुवातीला नाक मुरडतात, थोडा सुकवून घातला की खातात.

“करड जाळलं की कोवळी फूट येते, मग जाळू का नये?” फूट येते हे खरं. पण वणव्यात बी आणि वरचा पालापाचोळा जळतो, आधीच पातळ असलेली माती पहिल्या सरीत वाहून जाते, आणि तगतं ते आगीला न घाबरणारं कुसळीसारखं गवत. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर पेटलेले वणवे सगळ्यांनी पाहिले. शिवाय जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे.

आणि गवा. सत्तरी-सांग्यात नेपियर लावला की गवा येणार, ही तक्रार खोटी नाही. तिथे गोठ्याच्या भिंतीला लागून, कुंपणात मावेल एवढाच हिरवा चारा लावावा आणि भर मुरघासावर, पेंढ्यावर ठेवावा.

हे शेतकऱ्यापर्यंत नेणार कोण?

संशोधन आणि शेत यांच्यामधलं अंतर कापण्याच्या कामाला कृषी विस्तार म्हणतात. त्यासाठी देशभर कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पहिलं १९७४ मध्ये पुदुच्चेरीत सुरू झालं. गोव्यात उत्तरेचं केंद्र जुने गोवे इथे, केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेच्या आवारात, आणि दक्षिणेचं मडगावला. तालुक्यांत विभागीय कृषी कार्यालयं आहेत, जिथे कृषी कार्ड निघतं. जनावरांचा कारभार मात्र पशुसंवर्धन खात्याकडे. गवताच्या दृष्टीने अडचण इथेच सुरू होते. भात शेतात उभं असेपर्यंत एका खात्याचं, त्याचा पेंढा गायीच्या तोंडात गेला की दुसऱ्याचं. मधल्या काळात, म्हणजे तो कापून वाळत पडलेला असताना, तो कुणाचाच नसतो. आणि दर्जा बिघडतो तो नेमका त्या मधल्या काळात.

प्रशिक्षणं होतात. पण बंद खोलीत, पडद्यावर नेपियरचे फोटो बघून सड्यावरचं गवत कधी कापायचं ते कळत नाही. मार्चमधल्या शिबिराचा उपयोग मार्चमध्ये शून्य. हा विषय सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, रानात उभं राहून, हातात विळा घेऊन शिकवण्याचा आहे. एकाच रानाचे तीन पट्टे करा: एक फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापा, एक दसऱ्याच्या सुमारास, एक दिवाळीनंतर. तिन्ही वेगळे रचा. जानेवारीत गावातल्या दहा-वीस जणांना बोलावून तीन पेंढ्या एकाच गायीपुढे टाका. ती कशाकडे आधी वळते हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. मग नमुने तपासून आलेले आकडे त्याच लोकांना सांगा. माझ्या मते सगळ्या पत्रकांपेक्षा हे तीन पट्टे जास्त काम करतील, आणि खर्च जवळपास नाही.

आणखी एक. गवत कापणं, परतणं, उडवीतून काढून गव्हाणीत टाकणं हे बहुतेक घरांत बाईच करते. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर मात्र नाव पुरुषाचं. वार आणि वेळ ठरवताना दूध घालण्याची आणि स्वयंपाकाची वेळ टाळली तरी हे चित्र बदलेल. सत्तरीतल्या गवळी-धनगर वाड्यांवर तर उलट जायला हवं: कुठल्या डोंगराच्या कुशीत कुठलं गवत कधी तुऱ्यावर येतं, हे ज्यांना तोंडपाठ आहे त्यांच्याकडून वेळापत्रक लिहून घ्यायचं आणि ते खाली गावांत वापरायचं.

नमुना तपासायला द्यायचा असेल तर उडवीच्या वरचं मूठभर गवत नेऊ नका. चारी बाजूंनी, आत हात घालून, दहा-बारा ठिकाणचं थोडं-थोडं काढा, मिसळा, त्यातलं अर्धा किलो कोरड्या पिशवीत बांधा, आणि गवत कुठलं, कापलं कधी ते चिठ्ठीवर लिहा. कुठे तपासून मिळेल हे कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना सांगेल. अहवालात आकडे बरेच असतात. सुरुवातीला दोन बघा. कच्ची प्रथिने सातच्या वर आहेत का? आणि एनडीएफ, म्हणजे पोटात जागा अडवून बसणारा एकूण तंतू, पासष्टच्या फार वर तर गेला नाही ना? गेला असेल तर गाय तो चारा पोटभर खाणार नाही, कितीही पुढ्यात टाका.

घाटावरून येणारा ट्रकही याच नजरेने बघायला हवा. आज कडबा आणि पेंढा पेंडीच्या नाहीतर किलोच्या भावाने घेतला जातो, आतलं कुणी पाहत नाही. दोन-चार गोठेवाल्यांनी मिळून एक पेंढी सोडून बघावी: पानं किती, नुसत्या काड्या किती, कणसाचे दाणे भरून गळलेत का, मधोमध ओल किंवा कुबट वास आहे का. बरणी आणि भाजलेलं मीठ सोबत न्यायला हरकत नाही. ओल्या पेंढीचा भाव तेवढ्या वजनाने कमी करून मागावा. पाण्याचे पैसे किलोमागे का द्यायचे?